गुडघ्यासाठी 'जीन थेरपी' : मुंबईत खरंच मिळते का?

स्लोलोकल

आईचं वय ६७. दोन्ही गुडघे गेलेत. पालिकेच्या रुग्णालयात हाडांच्या ओपीडीत एक्सरे काढला. उजवा ग्रेड फोर, डावा ग्रेड थ्री. तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, उजव्याची वाटी बदलून घ्या, डाव्याचं नंतर बघू. आई ऑपरेशनला तयार नाही. "शेजारच्या वहिनींचं काय झालं ते बघितलंस ना" या एका वाक्यावर ती विषय संपवते. (वहिनींचं दुखणं मुळात मणक्याचं होतं, पण ते असो.)

आता मावसभावाने पश्चिम उपनगरातल्या एका सेंटरचा पत्ता दिलाय. तिथे 'जीन थेरपी' करतात म्हणे. हातातून रक्त काढणार, मशीनमध्ये फिरवणार आणि त्यातले 'अ‍ॅक्टिव्हेट केलेले जीन्स' गुडघ्यात टोचणार. दोन्ही गुडघ्यांचे मिळून सव्वातीन लाख. गादी नव्याने तयार होते, असं माहितीपत्रकात छापलंय. या आठवड्यात पैसे भरले तर सूट.

असली थेरपी अस्तित्वात आहे का? असेल तर मुंबईत कुठे? कोणी घेतली असेल तर सांगा. भावनिक सल्ले नकोत, ते घरात भरपूर मिळतात.

वरणफळं

वाचतेय. माझ्याही सासूबाईंसाठी हवंय.

मालवणी_काकू

अरे बाबा, माझ्या नणंदेने असंच रक्त फिरवून टोचून घेतलं होतं, बोरिवलीला. तिला पीआरपी म्हणाले होते. चार-पाच महिने बरं वाटलं, गणपतीत मोदक वळायला खाली बसली. नंतर ये रे माझ्या मागल्या. पण तिला कोणी जीन वगैरे सांगितलं नव्हतं, आणि लाखाच्या गोष्टीही नव्हत्या. तिच्या डॉक्टरने सरळ सांगितलं होतं, वंगण संपलंय, हे तात्पुरतं आहे.

जनुकराव

मी प्रयोगशाळेतला माणूस, डॉक्टर नाही. त्यामुळे आईंनी काय करावं हे सांगणार नाही. पण सेंटरवाले जे सांगताहेत ते काय आहे, एवढं नक्की सांगू शकतो.

रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेटवाला भाग परत टोचणं म्हणजे काकू म्हणतात तेच पीआरपी. आता गंमत बघा. प्लेटलेटला केंद्रकच नसतं. आपली जनुकं ज्या जागी असतात ती जागाच त्या पेशीत नाही. मग 'अ‍ॅक्टिव्हेट केलेले जीन्स' आले कुठून? पीआरपीचा कोणाला फायदा होतो, कोणाला नाही, तो वाद वेगळा. पण ती जीन थेरपी नाही, यात वादाला जागाच नाही.

खऱ्या जीन थेरपीत बाहेर तयार केलेलं जनुक पेशीच्या आत पोचवतात, बहुतेक वेळा निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मार्फत. लोकांना वाटतं की त्यात 'बिघडलेलं जनुक' दुरुस्त होतं. गुडघ्याच्या झिजेत असं एकच बिघडलेलं जनुक नसतंच. तिथे हेतू निराळा असतो : सांध्यातल्याच पेशींकडून औषध बनवून घ्यायचं.

असं का करावं लागतं? सांध्यात दाह सुरू झाला की आयएल-१ नावाचं प्रथिन कूर्चेची (म्हणजे गादीची) नासधूस करतं. त्याला अडवणारं प्रथिन आपल्याच शरीरात असतं, आयएल-१ आरए. तेच अ‍ॅनाकिन्रा या नावाने औषध म्हणून २००१ पासून अमेरिकेत आमवातासाठी मिळतं. पण असलं प्रथिन गुडघ्यात टोचलं तर काही तासांत तिथून वाहून जातं. रोज कोण गुडघ्यात सुई खुपसून घेणार? म्हणून प्रथिन टोचण्याऐवजी त्याचं जनुकच आत सोडायचं.

हे माणसांवर पहिल्यांदा करून पाहिलं १९९६ मध्ये, पिट्सबर्गला. ख्रिस्तोफर इव्हान्स आणि पॉल रॉबिन्स यांच्या गटाने. आमवाताच्या नऊ बायका निवडल्या. सगळ्या पाळी गेलेल्या, आणि सगळ्यांचे बोटांच्या मुळाशी असलेले सांधे बदलायचं आधीच ठरलेलं. त्यांच्या सांध्याच्या अस्तरातल्या पेशी काढल्या, बाहेर त्यात जनुक घातलं, परत त्या सांध्यांत सोडल्या. आठवड्याने ठरल्याप्रमाणे ऑपरेशन झालं आणि काढलेले सांधे तपासले. जनुक चालू होतं. काही विपरीत झालं असतं तरी तो सांधा निघणारच होता. प्रयोगाची ही आखणी मला आजही फार आवडते.

पुढे हेच इव्हान्स मेयो क्लिनिकमध्ये गेले आणि गुडघ्याकडे वळले. या वेळी एएव्ही नावाचा विषाणू, थेट सांध्यात एकच इंजेक्शन. पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. गुडघ्यातलं आयएल-१ आरए वाढलं आणि वर्षभर वाढलेलं राहिलं. पेशंट किती? नऊ.

शंकासुर

म्हणजे १९९६ ला नऊ आणि २०२५ ला पण नऊ. मुंबई मेट्रो तरी बरी म्हणायची.

जनुकराव

@शंकासुर, हसा, पण कारणं ऐका. १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनियात जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा जीन थेरपीच्या चाचणीत दगावला. दुखणं यकृताचं होतं, सांध्याशी संबंध नव्हता, पण सगळं क्षेत्रच काही वर्षं गारठलं. २००७ मध्ये आमवाताच्या चाचणीत, गुडघ्यात एएव्ही टोचलेली अमेरिकेतली एक ३६ वर्षांची बाई गेली. चौकशीत बुरशीचा संसर्ग निघाला. ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही घेत होती. जीन थेरपीमुळे मृत्यू झाल्याची शक्यता कमी, असा निष्कर्ष निघाला, तरी प्रश्न उरलाच : जिवावर न बेतणाऱ्या दुखण्यासाठी माणसाला किती जोखमीत घालायचं? गुडघा दुखतो म्हणून कोणी मरत नाही. म्हणून इथे सुरक्षिततेची अट कॅन्सरपेक्षा कितीतरी कडक आहे, आणि ती तशीच असावी.

आणि नऊवरच थांबलेलं नाही. पीसीआरएक्स-२०१ नावाचं दुसरं उत्पादन ७२ जणांना टोचून झालंय. त्यात जनुक कायम चालू नसतं, दाह वाढला की चालू होतं. दुखणं बराच काळ कमी राहिल्याचं कंपनी सांगते. पण त्या ७२ जणांत खोटं इंजेक्शन दिलेला गट नव्हता. आणि गुडघ्याच्या दुखण्यात नुसत्या सलाइनच्या इंजेक्शननेही लोकांना बरं वाटतं, हे जुनं दुखणं आहे.

सोलकढी

नोकरीनिमित्त सध्या सोलमध्ये आहे (आयडी त्यावरूनच), मूळचा गिरगावचा. गुडघ्याच्या जीन थेरपीचा विषय निघाला आणि कोरियाचं नाव कसं नाही आलं अजून?

इथे ती बाजारात येऊन गेलेली आहे. नाव इनव्होसा, कंपनी कोलोन. जुलै २०१७ मध्ये कोरियन सरकारने मंजुरी दिली, मध्यम झिजेच्या गुडघ्यांसाठी. दोन कुप्या असत. पहिलीत कूर्चेच्या पेशी, मूळच्या एका बाळाच्या काढून टाकलेल्या जादा बोटातून वाढवलेल्या. दुसरीत, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, त्याच पेशी, फक्त टीजीएफ-बीटा १ या प्रथिनाचं जनुक घातलेल्या. दुसऱ्या कुपीतल्या पेशी वाढू नयेत म्हणून त्यांना किरणोत्सार द्यायचे. साडेतीन हजारांहून जास्त लोकांनी टोचून घेतली.

मग २०१९ च्या मार्चमध्ये भांडं फुटलं. अमेरिकेतल्या चाचणीसाठी पेशींची ओळख तपासली, तर दुसऱ्या कुपीतल्या पेशी कूर्चेच्या नव्हत्याच. मूत्रपिंडापासून आलेल्या होत्या. एचईके-२९३ म्हणून प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवतात, त्या वंशातल्या.

वरणफळं

मूत्रपिंडाच्या पेशी? गुडघ्यात?? आणि हे अकरा-बारा वर्षं चाचण्या करून कोणाला कळलं नाही?

सोलकढी

नाही कळलं. जनुक घालणारा विषाणू ज्या पेशींत तयार करतात त्याच पेशी त्यात मिसळल्या आणि भरभर वाढून मूळच्यांना बाजूला सारलं, असं स्पष्टीकरण आलं. मे २०१९ मध्ये सरकारने परवाना रद्द करायचा निर्णय जाहीर केला आणि टोचलेल्या प्रत्येकावर १५ वर्षं लक्ष ठेवायला सांगितलं. कारण या पेशींपासून गाठी होण्याची भीती. अमेरिकेनेही चाचणी थांबवली.

पण गोष्ट इथे संपत नाही. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, ती बंदी उठवली. 'पेशी कोणत्या आहेत ते आता माहीत आहे, पुढे चला' असा एकूण सूर. त्यानंतर तिथे तिसऱ्या टप्प्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या, हजारावर पेशंटच्या. इकडे कोर्टात कंपनीच्या माजी अध्यक्षांना २०२४ मध्ये पहिल्या न्यायालयाने निर्दोष सोडलं.

शंकासुर

म्हणजे कुपीत काय आहे हे कंपनीलाच ठाऊक नव्हतं, आणि त्याला तुम्ही 'गोष्ट संपत नाही' म्हणता. आमच्याकडे पनीरमध्ये भेसळ निघाली तर दुकान सील होतं.

सोलकढी

सील झालंच की! परवाना गेला. माझा मुद्दा एवढाच की माणसांवर जे परिणाम मोजले गेले ते त्याच पेशींचे होते. लेबल चुकीचं होतं म्हणून मोजमाप खोटं ठरत नाही.

शंकासुर

मोजमाप खरं असेल. पण पेशंटने सही केली होती कूर्चेच्या पेशींसाठी. ज्या गोष्टीला त्याने होकार दिला ती त्याला टोचलीच नाही. माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपतो. परिणाम चांगला आला म्हणून संमती मागाहून तयार होत नाही.

जनुकराव

या बाबतीत मी शंकासुरांच्या बाजूने. एक भर : परवाना होता तेव्हाही इनव्होसाने गादी नव्याने तयार झाल्याचं सिद्ध झालेलं नव्हतं. दुखणं कमी, हालचाल जरा बरी, एवढाच दावा होता. जगातली सगळ्यात पुढे गेलेली गुडघ्याची जीन थेरपी जे म्हणू शकली नाही, ते उपनगरातलं सेंटर माहितीपत्रकात छापतंय.

हाडांचा_माणूस

ऑर्थोपेडिक सर्जन आहे, त्यामुळे माझा हितसंबंध आधीच जाहीर करतो : मी गुडघे बदलतो.

ग्रेड फोर म्हणजे कूर्चा जवळजवळ उरलेली नाही, हाडावर हाड घासतंय, बऱ्याचदा पाय वाकडाही झालेला असतो. वर ज्या चाचण्यांची चर्चा चालली आहे त्या बहुतेक ग्रेड टू-थ्रीच्या गुडघ्यांवर आहेत. दाह कमी करणारं प्रथिन कितीही तयार झालं तरी वाकलेलं हाड सरळ होत नाही. भिंत कोसळल्यावर वाळवीचं औषध मारून उपयोग नसतो. त्यामुळे उजव्या गुडघ्यासाठी खरी, मंजूर, परदेशातली जीन थेरपी उद्या हातात आली तरी मी ती देणार नाही.

डाव्यासाठी वाव आहे आणि तो स्वस्त आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून. वजन. हातात काठी, आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. हे सांगितलं की पेशंटचा चेहरा पडतो, कारण यात इंजेक्शन नाही.

खर्चाचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. नेहमी वापरतात त्या कोबाल्ट-क्रोमच्या इम्प्लांटची तेव्हा ठरलेली किंमत ५४,७२० रुपये अधिक जीएसटी. बिलात इम्प्लांटची रक्कम वेगळी मागा. पालिकेच्या रुग्णालयात करणार असाल तर आधी एमएसडब्ल्यूच्या (रुग्णालयातल्या समाजसेवकाच्या) टेबलाशी बसून योजनांची चौकशी करा. लोक हे ऑपरेशन झाल्यावर विचारतात.

निमशहरी

डॉक्टर, पण 'पेशींचा उपचार भारतात मंजूर आहे' असं माझ्या साडूने खात्रीने सांगितलं. तोही खोटं बोलतोय का?

हाडांचा_माणूस

नाही, साडू खरं बोलतोय, पण अर्धं. मुंबईच्याच रीग्रो बायोसायन्सेसला २०१७ मध्ये दोन उत्पादनांची परवानगी मिळाली : कार्टिग्रो, यात पेशंटच्याच कूर्चेच्या पेशी वाढवून कूर्चेच्या खड्ड्यात बसवतात, आणि ऑसग्रो, हाड तयार करणाऱ्या पेशींचं, खुब्याचं हाड रक्तपुरवठा तुटून मरतं त्यासाठी. २०२२ मध्ये स्टेमवन आलं, दात्याच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशींचं, गुडघ्याच्या झिजेसाठी. या ठरावीक उत्पादनांना, ठरावीक आजारासाठी परवानगी आहे. पेशींचा उपचार म्हणजे जीन थेरपी नव्हे, आणि एका उत्पादनाच्या परवान्यावर दुसऱ्याने सेंट्रिफ्यूज मांडून दुकान थाटायचं नसतं.

कोविडनंतर स्टिरॉइड घेतलेल्या तरुणांत खुब्याचं हाड मरण्याच्या केसेस मुंबईत दिसल्या, माहीमच्या हिंदुजातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये त्या लिहूनही काढल्या. अशी घाबरलेली मुलं या सेंटरांची मोठी गिऱ्हाइकं आहेत.

जनुकराव

@स्लोलोकल, सेंटरला फोन करून एकच विचारा : सीटीआरआय (चाचण्यांची सरकारी नोंदवही) नंबर काय? भारतात औषधाची मानवी चाचणी नोंदवल्याशिवाय सुरू करता येत नाही, २००९ पासून. त्या वेबसाइटवर कोणालाही शोधता येतं. जीन थेरपी असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे वेगळी समिती आणि केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगीही लागते. चाचणी असेल तर चाचणीच्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत, उलट इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांना द्यावी लागते. सव्वातीन लाख मागताहेत म्हणजे चाचणी नाही. आणि मंजूर उत्पादन असेल तर त्याचं नाव सांगायला अडचण काय?

'भारतात हे होऊच शकत नाही' असं मात्र कोणी समजू नका. पवईच्या आयआयटीने आणि टाटा मेमोरियलने मिळून रक्ताच्या कॅन्सरसाठी नेक्सकार-१९ तयार केलं. पेशंटच्या पेशी काढून, त्यात जनुक घालून परत देतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, परदेशी भावाच्या साधारण दहाव्या हिश्शात. म्हणजे या शहरात जनुक बदललेल्या पेशी तयार होतात. त्यासाठी काय दर्जाची प्रयोगशाळा लागते ते बघितलं की माणूस ब्यूटी पार्लरच्या वरच्या गाळ्यात ते शोधायला जात नाही.

स्लोलोकल

फोन केला. सीटीआरआय म्हटल्यावर मुलीने 'सरांशी बोला' म्हणून फोन दुसऱ्याकडे दिला. सर म्हणाले, "आमचा इंटरनॅशनल प्रोटोकॉल आहे, त्याला नंबर लागत नाही." मी उत्पादनाचं नाव विचारलं तर म्हणाले, नाव नसतं, पेशंटचं स्वतःचंच असतं. आणि सूट आणखी पाच टक्के वाढवली. आगाऊ रक्कम भरलेली नाही, भरणारही नाही.

मावसभाऊ रुसलाय. त्याचं त्या सेंटरशी काय आहे ते आता मला कळायला लागलंय.

शंकासुर

टक्के.

पानशेत_पूर

थोडं अवांतर. माझ्या पुतणीला ठिसूळ हाडांचा आजार आहे, ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. परळला वाडिया रुग्णालयात दाखवतो. तिथे जनुक एकच आणि माहीत असलेलं आहे. मग तिच्यासाठी जीन थेरपी सोपी नाही का?

जनुकराव

प्रश्न चांगला आहे, उत्तर जरा निराश करणारं. या आजारात बहुतेक मुलांत कोलॅजेनच्या दोनपैकी एका जनुकात दोष असतो. कोलॅजेन तीन धाग्यांच्या पिळाने बनतं. एक धागा बिघडलेला असला की तो चांगल्या धाग्यांबरोबर विणला जाऊन सगळा पीळ बिघडवतो. त्यामुळे शेजारी नवं चांगलं जनुक ठेवून भागत नाही, बिघडलेलं बंद करावं लागतं किंवा जागच्या जागी बदलावं लागतं. शिवाय ते सगळ्या सांगाड्यात पोचवायचं, एका गुडघ्यात नाही. प्रयोग चालू आहेत, बरेचसे उंदरांवर. तोवर बिस्फॉस्फोनेट (हाडांची झीज रोखणारं औषध), फिजिओ आणि लागेल तिथे हाडात सळई. हे सध्या चालू असेलच.

फॅक्टरआठ

इतके दिवस नुसती वाचत होते. माझ्या मुलाला हिमोफिलिया ए आहे, गंभीर प्रकारचा. लोकांना वाटतं हा रक्ताचा आजार, म्हणजे कापलं की रक्त थांबत नाही. आमच्या घरात हा गुडघ्याचा आजार आहे. रक्त सांध्याच्या आत येतं. त्यातलं लोह अस्तरात साठतं, अस्तर सुजतं, सुजलेल्या अस्तरातून परत रक्त येतं, आणि तोच तोच सांधा धरला जातो. डॉक्टर त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात. नववीतल्या मुलाचा एक्सरे तुमच्या ६७ वर्षांच्या आईंसारखा दिसू शकतो.

आणि सांधे वाचवणारी जीन थेरपी खरोखर मंजूर झाली आहे ती याच आजारात. हिमोफिलिया बी साठी हेमजेनिक्स, अमेरिकेत नोव्हेंबर २०२२, किंमत ३५ लाख डॉलर. हिमोफिलिया ए साठी रोक्टाव्हियन, युरोपात २०२२ आणि अमेरिकेत २०२३. यकृताच्या पेशींना फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, बनवायला लावतात. फायझरची बेकव्हेझ २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली आणि पुढच्याच वर्षी कंपनीने ती बंद केली, गिऱ्हाईकच नव्हतं.

आपल्यासाठी मोठी बातमी वेल्लोरची. सीएमसीने हिमोफिलिया ए च्या पाच जणांवर केली, डिसेंबर २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापून आली. त्यांच्याच मूळपेशी काढल्या, त्यात फॅक्टर आठचं जनुक घातलं, परत दिल्या. त्यानंतर पाचही जणांना रक्तस्राव नाही. एकही नाही. आधी केमो घ्यावी लागते, म्हणून सोपं नाही. पण मी ती बातमी प्रिंट काढून ठेवलीय.

हाडांचा_माणूस

ताई, तुमची पोस्ट धाग्यात सगळ्यात वर हवी होती. सिकलसेललाही (लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) हेच लागू. विदर्भातून, नंदुरबारहून येणाऱ्या मुलांचा खुबा विशी-पंचविशीत बसलेला असतो. त्या आजाराच्या दोन जीन थेरप्या अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाल्या, किंमत २२ लाख आणि ३१ लाख डॉलर. पण बसलेला खुबा त्याने उठत नाही. तो आम्हालाच बदलावा लागतो.

फॅक्टरआठ

होय डॉक्टर, हेच मला रोज सांगावंसं वाटतं. जीन थेरपी पुढचा रक्तस्राव थांबवेल, झिजलेला सांधा परत देणार नाही. म्हणून ती येईपर्यंत सांधा टिकवणं हेच आमचं काम.

नवखा_बाबा

@फॅक्टरआठ, आमच्या चार वर्षांच्या मुलाला गेल्याच महिन्यात निदान झालंय. कल्याणला राहतो. वेल्लोरला नाव लावता येईल का? आणि गुडघा सुजला की आजी तेल लावून चोळते, ते चालेल?

फॅक्टरआठ

वेल्लोरची चाचणी मोठ्या माणसांवर होती, चार वर्षांच्या मुलासाठी आत्ता नाही. आधी परळला केईएमच्या हिमोफिलिया सेंटरमध्ये नोंदणी करा. आवारातच आयसीएमआरची एनआयआयएच ही रक्ताच्या आजारांची संस्था आहे, तिथे इनहिबिटर (टोचलेला फॅक्टर निकामी करणारी प्रतिपिंडं) आहे का हे तपासून घ्या, पुढचे उपचार त्यावर ठरतात. दुखल्यावर फॅक्टर घेण्यापेक्षा आधीच ठरावीक दिवसांनी घेणं किंवा एमिसिझुमॅब (रक्तस्राव टाळणारं, कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन), या दोन्हींबद्दल विचारा. मावशांची तपासणी पण, कारण हे बहुतेक वेळा आईकडून येतं.

चोळणं आजपासून बंद. आजींना माझं नाव सांगा. सूज आली की फॅक्टर, बर्फ, पाय वर. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन नाही. कमरेत इंजेक्शन कोणी देत असेल तर हात धरा. शाळेच्या बाईंना लिहून द्या. व्यनि (खाजगी निरोप) केलाय, त्यात माझा नंबर आहे, रात्री पण चालेल.